३ डिसेंबरला ब्रश वाटता, ४ डिसेंबरला तो धरणार कोण?

दरवर्षी ३ डिसेंबर आला की आपल्या नागपुरातल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळांमध्ये पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. जागतिक दिव्यांग दिन असतो ना. फळं वाटतात, टोप्या वाटतात, आणि हल्ली दंत तपासणी शिबिरही असतं. मुलं ओळीने बसतात, शिकाऊ डॉक्टर टॉर्च लावून तोंडात बघतात, कागदावर खुणा करतात. प्रत्येकाला एक ब्रश, एक छोटी पेस्टची ट्यूब. बॅनरसमोर फोटो. २० मार्चला, म्हणजे जागतिक मौखिक आरोग्य दिनाला, पुन्हा हेच.

माझा या शिबिरांना विरोध नाही. येणारी पोरं-पोरी मनापासून काम करतात, मी पाहिलंय. माझा प्रश्न ४ डिसेंबरचा आहे. त्या दिवशी सकाळी सात वाजता तो ब्रश कोण धरणार? दात खरंच घासले की नुसता ब्रश चावून ठेवून दिला, हे कोण बघणार? आणि शिबिरात ज्या दाढेवर खूण केली, ती दाढ भरायला त्या मुलाला कोण, कुठे, कोणत्या वारी नेणार?

हे मी का लिहितेय ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. घरी आई, तो आणि मी. तो रोज एका कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या करतो, संध्याकाळी घरी येऊन क्रिकेट बघतो. त्याचे दात घासून देणं हे आमच्या घरातलं रोजचं काम आहे, दूध तापवण्यासारखं. त्यामुळे या विषयावर मी पुस्तकातून कमी आणि बेसिनजवळ उभी राहून जास्त शिकले. (कागदोपत्री शब्द ‘बौद्धिक अक्षमता’ आहे, मोहल्ल्यात अजूनही ‘मतिमंद’ म्हणतात. मी ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणते.)

सगळ्यात आधी एक गैरसमज काढू. लोक म्हणतात, “अशा मुलांचे दात खराबच असतात, काय करता बाप्पा!” जणू हे त्यांच्या नशिबातच लिहिलंय. आता हे बघा. २०१० साली जगभरातले यावरचे अभ्यास एकत्र तपासून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: बौद्धिक दिव्यांग लोकांच्या दातांना कीड लागण्याचं प्रमाण बाकीच्या लोकांइतकंच किंवा काही ठिकाणी कमीच आहे. पण लागलेली कीड भरून न घेता तशीच राहण्याचं प्रमाण जास्त. आणि हिरड्यांचे आजार तर नक्कीच जास्त आणि जास्त तीव्र.

नीट वाचा हे. कीड जास्त लागत नाही. उपचार कमी मिळतात. आणि हिरड्यांचा आजार कशाने वाढतो? बहुतेक वेळा रोज नीट न घासल्याने. म्हणजे दोन्ही गोष्टी त्या माणसाच्या मेंदूत कमी आणि आपल्या व्यवस्थेत जास्त आहेत.

शरीराची कारणं नाहीतच असं मी म्हणत नाही. डाउन सिंड्रोममध्ये प्रतिकारशक्ती वेगळी असते, त्यामुळे हिरड्या लहान वयातच सुजतात, दात हलायला लागतात. तोंडाने श्वास घ्यायची सवय असते, तोंड कोरडं पडतं. झटके येणाऱ्या मुलांना फेनिटॉइन नावाचं औषध वर्षानुवर्षं चालू असेल तर हिरड्या वाढून दातांवर चढतात. पातळ औषधांत बऱ्याचदा साखर असते आणि रात्रीचा डोस घेऊन मूल तसंच झोपतं. वागणुकीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि लाळ हे तर दातांचं नैसर्गिक संरक्षण. सेरेब्रल पाल्सी असलेल्याला गिळायला त्रास होतो, घास गालात साठून राहतो. स्वमग्न मुलाला पेस्टची तिखट चव, फेस आणि ब्रशचे केस सहन होत नाहीत, तो ओरडतो, आणि आपल्याला वाटतं नखरे करतोय.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण यातल्या प्रत्येकाचा अर्थ एवढाच निघतो की या माणसांच्या तोंडाकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला पाहिजे. होतं नेमकं उलटं.

आता दुखण्याचं बघू. तुमची-माझी दाढ ठणकली तर आपण घर डोक्यावर घेतो. माझ्या भावाला ‘दुखतंय’ हा शब्द येतो, पण नेमकं कुठे आणि कसं ते सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी दोन आठवडे तो उजव्या गालावर स्वतःच चापट्या मारायचा. जेवण अर्ध्यावर सोडायचा. रात्री उठून बसायचा. ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी वागणुकीची गोळी वाढवून दिली. तो दिवसभर पेंगायला लागला, चापट्या मात्र थांबल्या नाहीत. शेवटी एका दंतवैद्याने आरसा घालून पाहिलं. खालची दाढ आतून पोखरली होती, पू झाला होता. दाढेचा इलाज झाला आणि तिसऱ्या दिवशी चापट्या बंद.

हे फक्त आमच्याकडे झालं असं नाही. कार्यशाळेतल्या पालकांशी बोला, चारातले दोघे असाच किस्सा सांगतील. कुणाचं मूल भिंतीवर डोकं आपटत होतं, कुणाची मुलगी पोळी सोडून फक्त वरण-भात खायला लागली होती. जगभरात डॉक्टरांना ही गोष्ट माहीत आहे: अपंगत्वाचं नाव एकदा फाइलवर लागलं की पुढचं प्रत्येक लक्षण त्याच्याच नावावर जमा होतं. म्हणून पालकांनो, शिक्षकांनो, एक नियम करून टाका. वागण्यात अचानक बदल झाला तर गोळी बदलायच्या आधी तोंडात टॉर्च मारून बघा.

बरं, दाढ सापडली. पुढे काय? पुढे ते वाक्य येतं, जे या पालकांनी हमखास ऐकलेलं असतं. “ताई, हा खुर्चीवर बसणार नाही. काढून टाकू ना, झंझटच जाईल.”

मी दंतवैद्यांना शिव्या द्यायला बसले नाही. बाहेर पेशंटची रांग असते, दाढ भरायला किंवा रूट कॅनालला दोन-तीन वेळा यावं लागतं, पेशंट हात झटकतो, फिरत्या यंत्राने इजा व्हायची भीती खरी असते. दाढ काढणं एका फेरीत होतं. पण त्याची किंमत कोण मोजतो? तुमची दाढ गेली तर तुम्ही कवळी लावाल, इम्प्लांट कराल. यातल्या बऱ्याच जणांना कवळी तोंडात ठेवता येत नाही, काही जण ती काढून फेकून देतात, झटके येणाऱ्याला ती गिळली जायचा धोका असतो. म्हणजे त्यांचा गेलेला दात कायमचा गेला. तीन-चार दाढा गेल्या की चावणं बंद, घास तसाच गिळणं सुरू, घशात अडकायची भीती सुरू. मग मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. त्या बिस्किटाने उरलेले दात जातात. पस्तिशीत माणूस बोळका होतो आणि आपण म्हणतो, यांचं असंच असतं.

काढून टाकणं आणि पूर्ण भूल देणं यांच्या मधेही बरंच काही आहे, हे पालकांना कुणी सांगत नाही. कीड थांबवणारं चांदी आणि फ्लोराइडचं एक औषध आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ते नुसतं लावायचं असतं, मशीन नाही, सुई नाही. किडका भाग काळा पडतो हे खरं, पण मागच्या दाढेचा काळा डाग कोण बघतो? फ्लोराइडचा लेप वर्षातून दोनदा लावता येतो, पाच मिनिटांचं काम. ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही पद्धत लहान मुलांच्या दातांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. पहिल्या फेरीत मुलाने फक्त खुर्चीवर बसून वरखाली व्हायचं. दुसऱ्यांदा आरसा हातात घ्यायचा. तिसऱ्यांदा तोंड उघडायचं. उपचार चौथ्या फेरीत. याला पैसे फार लागत नाहीत. वेळ लागतो, आणि दर वेळी तोच डॉक्टर, तीच खोली लागते. ज्यांना हे जमतच नाही त्यांच्यासाठी भूल आहे, ती द्यावीच. पण ती शेवटची पायरी असावी.

आता सगळ्यात मोठं भगदाड. ते आहे १८ वर्षांच्या वाढदिवसाला.

१८ वर्षांपर्यंत कुणीतरी वाली असतो. शाळा असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्या यादीत दातही आहेत. डेंटल कॉलेजात बालदंत विभाग असतो, त्यांच्या अभ्यासक्रमातच विशेष गरजा असलेली मुलं येतात. पण माझा ३८ वर्षांचा, मिशीवाला, ७० किलोचा भाऊ कुठे जाणार? बालदंत विभाग म्हणणार, हा मोठा आहे. मोठ्यांचे विभाग म्हणणार, असा पेशंट आम्ही घेत नाही. आपल्या देशात दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शाखा नऊ आहेत, त्यातली एकही प्रौढ दिव्यांगांसाठी नाही. ब्रिटनने ‘विशेष काळजी दंतवैद्यक’ अशी स्वतंत्र शाखा २००८ मध्येच मान्य केली.

१८ चा हा कडा फक्त दातांपुरता नाही, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर अनाथ दिव्यांगांना आपलं नाव लावून सांभाळतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाबांची कितीतरी वर्षांची मागणी एकच: अनाथ दिव्यांगांना १८ वर्षं झाली म्हणून संस्थेबाहेर काढू नका, त्यासाठी कायदा करा. त्यांनी सत्कार कमी आणि ही मागणी जास्त मांडली. का? कारण १८ व्या वर्षी अपंगत्व संपत नाही, फक्त योजनेचा रकाना संपतो. दातांचंही तेच.

आणखी एक कागद १८ नंतर आडवा येतो. मोठ्या माणसाला भूल द्यायची तर सही कोणाची? आई म्हणते मी आई आहे, पण कायद्याने तो सज्ञान. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. ती समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. ज्यांच्या घरी १८ च्या पुढचा बौद्धिक दिव्यांग आहे त्यांनी हे प्रमाणपत्र काढून ठेवा, दाढ ठणकायची वाट बघू नका. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची, आणि तिच्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठी वेगळा रकाना आहे. मी ज्या दहा पालकांना विचारलं त्यातल्या दोघांकडे निरामयचं कार्ड होतं, आणि दातांसाठी ते चालतं हे एकालाही माहीत नव्हतं.

आता येऊ रोजच्या दोन मिनिटांवर. कारण खरी लढाई तिथेच आहे. दवाखाना वर्षातून दोनदा, ब्रश वर्षातून ७३० वेळा.

दात घासणं आपल्याला एक काम वाटतं. बेसिनपाशी उभं राहून मोजा, ती पंधरा-वीस कामं आहेत. ब्रश ओळखणं, झाकण उघडणं, ट्यूब योग्य तेवढीच दाबणं, मनगट वळवणं, डावीकडून उजवीकडे जाणं, थुंकणं, चूळ भरणं, ब्रश धुऊन जागेवर ठेवणं. विशेष शिक्षकांना हे सगळं माहीत असतं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विशेष शाळांसाठी जी तपासणी यादी केली, तिच्यात जेवण, संडास, आंघोळ आणि दात घासणं हे विषय पहिल्यापासून आहेत. पण यादीत ‘मदतीने करतो’ असा शेरा पडला की आपण समजतो, झालं. ती मदत रोज कोण करतं, हे कोणत्याच रकान्यात नाही.

आमच्या घरी जे जमलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं. समोर उभं राहून नाही, मागे उभं राहून घासायचं, दोघांची तोंडं आरशाकडे. त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकलं की तो घाबरत नाही आणि तुम्हाला आतलं दिसतं. ब्रश लहान डोक्याचा, मऊ. दांडा बारीक असेल तर सायकलच्या मुठीचं रबर चढवा किंवा रबरी चेंडूला भोक पाडून त्यात खुपसा, पकड येते. पेस्ट वाटाण्याएवढी, थुंकता येत नसेल तर नुसती पुसट, आणि फ्लोराइडवालीच. फेस नको असेल तर कमी फेसाची मिळते. शिकवायची सुरुवात शेवटापासून करा: आधी फक्त ब्रश धुऊन ठेवायला शिकवा, मग चूळ, मग समोरचे दात. शेवटचं काम स्वतः केलं की त्याला ‘मी केलं’ असं वाटतं. तो आधी घासेल, नंतर तुम्ही एकदा फिरवा. सकाळची घाई असेल तर रात्रीचं सोडू नका, रात्रीचं जास्त महत्त्वाचं. हिरडीतून रक्त आलं म्हणून थांबू नका, सुजलेली हिरडी हलक्या हाताने रोज घासल्यानेच बरी होते. आठवडाभरात फरक नाही पडला तर डॉक्टर. ज्याला गिळायचा त्रास आहे त्याला आडवं झोपवून घासू नका, बसवून घासा.

आणि हो, हे त्याच्या परवानगीने करा. हात धरून जबरदस्ती केली की तो दवाखान्यातही तोंड मिटूनच ठेवतो. माझा भाऊ ‘ताई, बस’ म्हणाला की मी थांबते, दहा मोजते, पुन्हा विचारते. अडतीस वर्षांच्या माणसाच्या तोंडात आपण हात घालतोय, एवढा मान त्याला द्यायलाच पाहिजे.

शाळांनाही एक गोष्ट सांगायची आहे, राग मानू नका. मूल शांत बसलं की गोळी, शब्द बोललं की चॉकलेट, काम केलं की क्रीमचं बिस्कीट. बक्षीस देऊन शिकवणं ही पद्धत बरोबरच आहे, पण दिवसातून आठ-दहा वेळा साखर आणि नंतर चूळही नाही, हे किती वर्षं चालणार? टाळी द्या, शिक्का मारा, त्याच्या आवडीचं गाणं दोन मिनिटं लावा, मैदानात एक चक्कर मारू द्या. पाहुण्यांनीही पेढे आणि कॅडबरीऐवजी केळी आणावीत.

खर्ऱ्याबद्दल नागपुरात राहून गप्प बसणं बरोबर नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घोटला जातो. मोहल्ल्यातला बौद्धिक दिव्यांग तरुण दिवसभर ठेल्यापाशी उभा असतो आणि लोक गंमत म्हणून त्याला पुडी देतात. “घे बे, खाय.” तो हसतो, सगळे हसतात. त्याला कॅन्सर म्हणजे काय ते माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ही गंमत नाही.

मग करायचं काय? मी नवीन इमारत मागत नाही, नवीन योजना तर अजिबात नको. नागपुरात काय काय आहे ते मोजा. मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं. हिंगणा रोडकडे डिगडोहला आणि वानाडोंगरीला दोन खासगी डेंटल कॉलेज आहेत. मिहानमध्ये एम्स आहे. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. विशेष शाळा आहेत, कार्यशाळा आहेत. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायचीच आहे. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचं कलम २५ म्हणतं की दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्या. सगळं आहे. यांना जोडणारा वार आणि वेळ तेवढी नाही.

म्हणून माझ्या मागण्या पाचच.

एक. प्रत्येक डेंटल कॉलेजने महिन्यातला एक ठरलेला दिवस बौद्धिक दिव्यांगांसाठी ठेवावा, वयाची अट नाही. तोच डॉक्टर, तीच खोली, गर्दी नसलेली वेळ. दारावर बोर्ड लावा.

दोन. शिबिरात ज्याच्या कागदावर खूण पडली, त्याच्या हातात उपचाराची तारीख पडलीच पाहिजे. तारीख देता येत नसेल तर शिबिराला शिबिर म्हणू नका, फोटो म्हणा.

तीन. विशेष शाळा आणि कार्यशाळांमध्ये दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं दात घासायची वेळ तासिकेतच धरावी. मुंबईच्या जय वकील संस्थेचा दिशा अभ्यासक्रम शासनाने बौद्धिक दिव्यांगांच्या विशेष शाळांसाठी घेतलाच आहे, त्याच्या वेळापत्रकात ही दहा मिनिटं बसवा. इंटर्नशिपमध्ये सार्वजनिक दंतआरोग्य विभागाची पाळी असतेच, त्या विद्यार्थ्यांनी ठरलेल्या शाळेत दर आठवड्याला जाऊन काळजीवाहकांच्या हाताला हात लावून शिकवावं. भाषण नको. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने याच विषयावरचे प्रयोग तपासले. काळजीवाहकांना प्रशिक्षण दिलं की त्यांची माहिती वाढते असं दिसलं, पण त्याने दात स्वच्छ होतात याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. सांगून भागत नाही, रोज करावं लागतं.

चार. ५ टक्के निधीतून या शाळा-कार्यशाळांत दात घासायला आणि स्वच्छतेला मदत करणाऱ्या ताई-दादांचं मानधन द्या. खुर्च्या आणि सायकली वाटून झाल्या असतील, आता हात द्या.

पाच. निवासी संस्थांच्या तपासणीच्या अर्जात दोन ओळी टाका: प्रत्येकाचा स्वतःचा, नाव लिहिलेला ब्रश आहे का? गेल्या सहा महिन्यांत दंतवैद्याने पाहिलं का? निरीक्षकाने स्नानगृहात जाऊन ब्रश मोजावेत. कपाटातले बंद पाकिटातले नाही, ओले झालेले.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, “संजय गांधी निराधारचे पैसे वेळेवर येत नाहीत, कार्डासाठी चकरा माराव्या लागतात, अन् तुमाले दातांचं पडलं?” बरोबर आहे, ते प्रश्न मोठे आहेत. पण दात दुखत असलेला माणूस शिकत नाही, काम करत नाही, झोपत नाही आणि घरच्यांना झोपू देत नाही. तोंडाला वास येतो म्हणून बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. आपण ज्याला समाजात मिसळणं म्हणतो, ते तोंडाच्या वासापाशी थांबतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि एक शेवटची गोष्ट, जी अशा प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर बोलली जाते. आमच्यानंतर याचं काय? माझी आई ७१ वर्षांची आहे. तिचे गुडघे दुखतात, तरी रात्रीचा ब्रश तीच करते, मला करू देत नाही. या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, सरकारकडेही नाही. पण ज्या माणसाला स्वतःचा ब्रश ओळखता येतो, मदत मागता येते, अनोळखी डॉक्टरसमोर तोंड उघडता येतं, त्याला सांभाळणं उद्या दुसऱ्या कुणालाही सोपं जातं. आज बेसिनपाशी गेलेली दोन मिनिटं त्याच्या त्या उद्यासाठी आहेत.

नागपुरातल्या डेंटल कॉलेजांतले प्राध्यापक, विद्यार्थी, नगरसेवक, पत्रकार यांच्यापैकी जे कुणी ही पोस्ट वाचत असतील त्यांनी यातली एक मागणी उचला, एकच. पालकांनो, तुमच्या मुलाला दातांसाठी कुठे चांगली वागणूक मिळाली ते कॉमेंटमध्ये लिहा, वार आणि वेळेसकट. त्यातून आपलीच एक यादी तयार होईल आणि पुढच्या आईला चार दारं कमी ठोठवावी लागतील. पोस्ट कॉपी करायला हरकत नाही, नाव नाही टाकलं तरी चालेल. आणि येत्या ३ डिसेंबरला ब्रश वाटायला जाणार असाल तर जाच. फक्त निघायच्या आधी तिथल्या बाईंना विचारा, “मॅडम, उद्या सकाळी मी येऊ का मदतीला?”